देवाने नुसतीच क्षमा का केली नाही? (उपवासकाळातल्या अभ्यासवर्गासाठी मांडणी हवी आहे)

शरणपूर_रोड
सर्वांना सलाम. उपवासकाळात नाशिकमध्ये चार बुधवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग घ्यायचा आहे, प्रत्येक वेळी पन्नास मिनिटं. बैठक मिश्र असते: बारावीची मुलं, निवृत्त मंडळी, कॅथलिक घरांतून आलेल्या सुना, शिवाय कुणासोबत तरी आलेले हिंदू मित्र. विषय एकच, येशूच्या मरणाने तारण कसं होतं.

नेहमीची मांडणी सगळ्यांना पाठ आहे. आधी पाप, मग न्यायाधीशाचा दाखला (स्वतःच्याच मुलाला दंड ठोठावतो आणि खुर्चीवरून उतरून तो स्वतः भरतो), मग यशया ५३ (दुसऱ्यांसाठी सोसणाऱ्या सेवकाचा अध्याय), शेवटी विश्वासाचं आवाहन. त्यावर तीन प्रश्न हमखास येतात.

एक, येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राच्या (वाटणी घेऊन ती उडवून परत आलेल्या मुलाच्या) बापाने काहीही वसूल न करता मुलाला मिठी मारली, मग देवालाच रक्त का लागतं? दोन, निर्दोष माणसाला शिक्षा देणं हा न्याय कसा? तीन, कर्ज फिटलं असेल तर माफ काय केलं, आणि माफ केलं असेल तर फेड कशाची?

'हे देवाचं रहस्य आहे' एवढं म्हणून मुलांना गप्प करायचं नाही. कुठून सुरुवात करावी आणि कोणता दाखला नेमका कुठे मोडतो, हे जाणकारांनी सांगावं.

लेवीय_सोळा
सुरुवात कोर्टातून करू नका, दर्शनमंडपातून (इस्राएल लोकांच्या उपासनेच्या तंबूतून) करा. पहिल्या बुधवारी फक्त लेवीय १६ घ्या, पण सावकाश. बहुतेक वर्गांत हा अध्याय दोन वाक्यांत उरकतात आणि पुढचे सगळे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

क्रम असा आहे. सातव्या महिन्याचा दहावा दिवस. प्रमुख याजक आधी स्नान करतो आणि साधी तागाची वस्त्रं घालतो, इतर वेळची भरजरी नाहीत. स्वतःच्या आणि आपल्या घराण्याच्या पापासाठी एक गोऱ्हा. लोकांसाठी दोन बकरे, त्यांवर चिठ्ठ्या टाकतात: एक परमेश्वरासाठी, एक अजाजेलासाठी (म्हणजे रानात सोडायचा). गोऱ्हा कापल्यावर याजक निखाऱ्यांनी भरलेलं धुपाटणं आणि दोन ओंजळी बारीक कुटलेला धूप घेऊन पडद्याच्या आत जातो. धुराने दयासन (कराराच्या कोशाचं झाकण) झाकलं जावं म्हणजे तो मरणार नाही, असं कारण तिथेच दिलेलं आहे. मग बोटाने रक्त दयासनावर शिंपडतो आणि दयासनापुढे सात वेळा. बाहेर येऊन लोकांचा बकरा कापतो आणि त्याच्या रक्ताचंही तसंच करतो. नंतर वेदीची शिंगं, तिथेही सात वेळा. हे सगळं झाल्यावर जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची पापं कबूल करतो आणि नेमलेल्या माणसाबरोबर तो बकरा रानात सोडून दिला जातो. कापलेल्या जनावरांची धडं छावणीबाहेर नेऊन जाळतात.

आता बारकाईने बघा. पापं ज्याच्या डोक्यावर ठेवली तो बकरा मारलाच जात नाही, तो दूर नेला जातो. जो मारला जातो त्याच्यावर त्या अध्यायात पापं ठेवलेली नाहीत, त्याचं रक्त पवित्रस्थान शुद्ध करतं. १६व्या वचनात कारण सरळ लिहिलं आहे: इस्राएल लोकांच्या अशुद्धतेमुळे पवित्रस्थानासाठी प्रायश्चित्त करायचं. म्हणजे लोकांच्या पापाने देवाच्या राहण्याची जागा विटाळली, ती धुऊन काढायची, म्हणजे देव त्यांच्यात राहू शकेल. 'देव रागावला, त्याने बकऱ्यावर राग काढला' असं या अध्यायात कुठेही नाही.

आणि लेवीय १७:११ विसरू नका. वेदीवर प्रायश्चित्तासाठी रक्त मीच तुम्हांला दिलं आहे, असं तिथे देव म्हणतो. अर्पणाची सोय देवाकडून माणसाला येते. हे एक वचन नीट बसलं की निम्मी लढाई झाली.

गोदाकाठ
पण इब्री ९:२२ प्रमाणे रक्त ओतल्यावाचून क्षमा नाहीच ना? मग पहिला प्रश्न तसाच राहतो.

लेवीय_सोळा
ते वचन पूर्ण वाचा. 'नियमशास्त्राप्रमाणे बहुतेक सर्व काही रक्ताने शुद्ध होतं' अशी त्याची सुरुवात आहे. 'बहुतेक' का, ते लेवीय ५:११ मध्ये सापडतं. ज्याला दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लंही परवडत नाहीत, त्याने पापबली म्हणून एफाचा (धान्याच्या एका मापाचा) दहावा भाग सपीठ आणावं, त्यात तेल नाही, ऊद नाही. त्यालाही क्षमा होते, असं १३व्या वचनात स्पष्ट म्हटलं आहे. गरिबाजवळ जनावर नाही म्हणून देवाची क्षमा अडत नाही. वर्गात हे मुद्दाम वाचून दाखवा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गणना १५:३० प्रमाणे जाणूनबुजून, हात उगारून केलेल्या पापाला यज्ञच नाही. म्हणून तर बथशेबेच्या प्रकरणानंतर दावीद स्तोत्र ५१:१६ मध्ये म्हणतो की तुला यज्ञ आवडला असता तर मी तो दिला असता. परस्त्रीगमन आणि खून यांसाठी देण्यासारखा बळी त्याच्याजवळ नव्हता. जुन्या करारातली व्यवस्था तिथे थांबते आणि यशया ५३ तिथून पुढे बोलू लागतो.

वकीलवाडी
न्यायाधीशाच्या दाखल्याबद्दल कायद्याच्या अंगाने सांगतो. तो दंडापुरता चालतो. दंडाची रक्कम बापाच्या खिशातून आली की मुलाच्या, कोर्टाला रक्कम मिळाल्याशी मतलब. पण पापाचं वेतन दंड नाही, मरण आहे (रोमकरांस ६:२३). कैद किंवा फाशी एकाची दुसऱ्याला भोगता येत नाही. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहाच्या दारात भाऊ भावाऐवजी उभा राहिला तर त्याला आत घेणार नाहीत, आणि घेतलंच तर तो अन्याय होईल. बायबलही हेच म्हणतं: अनुवाद २४:१६, यहेज्केल १८:२०, आणि सगळ्यांत कठोर नीतिसूत्रे १७:१५, दुष्टाला निर्दोष ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा या दोघांचाही परमेश्वराला वीट आहे. मुलांचा दुसरा प्रश्न बायबलमधूनच उगवलेला आहे. त्याला उद्धटपणा समजू नये.

इब्री ७:२२ मध्ये येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलं आहे. हे चित्र इथल्या माणसाला लगेच कळतं, कारण पतसंस्थेत जामीन राहिलेला माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो. जामीनदार हा रस्त्यावरून पकडून आणलेला तिऱ्हाईत नसतो. त्याने आधी, स्वखुशीने सही केलेली असते. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ प्रमाणे त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. त्याच्याकडून वसुली झाली तर अन्याय झाला असं कोणी म्हणत नाही.

पण हा दाखलाही मोडतो, आणि कुठे ते वर्गात आधीच सांगून टाका. कलम १४० आणि १४५ प्रमाणे रक्कम भरल्यावर जामीनदार धनकोच्या जागी येतो आणि कर्जदाराकडून ती वसूल करू शकतो. ख्रिस्त तसं करत नाही. शिवाय पतसंस्था आणि जामीनदार हे दोन वेगळे पक्ष असतात. इथे तसं म्हटलं की एक कठोर बाप आणि एक दयाळू पुत्र अशी फोड होते, आणि मग त्रैक्यच मोडतं.

शरणपूर_रोड
हे फार उपयोगी. तिसरा प्रश्न मात्र अजून बाकी आहे, फेड की माफी?

लेवीय_सोळा
मत्तय १८:२३-३५ घ्या आणि फळ्यावर आकडे मांडा. एक तालांत म्हणजे ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). दहा हजार तालांत म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तरी २ लाख वर्षं. त्या दासाच्या सोबत्याचं देणं १०० दिनार, म्हणजे साधारण चार महिन्यांची मजुरी. प्रमाण सहा लाखास एक.

राजा ते माफ करतो. तिसऱ्या कोणी येऊन ते भरत नाही. पण ६ कोटी दिनार हवेतही विरत नाहीत, ती खोट राजाच्या तिजोरीवर बसते. क्षमा करणाराच खोट सोसतो, म्हणून फेड आणि माफी इथे एकमेकांच्या आड येत नाहीत. दुसऱ्याने भरलं असतं तर माफी झालीच नसती. उधळ्या पुत्राच्या बापाचंही तेच. वाटणीची मिळकत उडालेली आहे, गावात अब्रू गेलेली आहे, आणि तो स्वतः धावत जातो.

हा प्रश्न मुलांनी शोधलेला नाही. इटालियन धर्मपंडित फाउस्तुस सोसिनसने १५९४ मध्ये छापलेल्या ग्रंथात तो अगदी याच शब्दांत टाकला होता, आणि पुढे १६१७ मध्ये डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसने त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न केला. मुलांना हे सांगा. आपला प्रश्न चारशे वर्षं मोठ्या माणसांनी मनावर घेतला आहे, हे त्यांना कळू द्या.

अंजनेरी
वरचं सगळं मान्य, पण तोल एकीकडे जातो आहे. देवाचा क्रोध नुसताच गाळून टाकता येणार नाही. रोमकरांस १:१८ पासून ३:२० पर्यंत पौल दुसरं काही बोलतच नाही. यशया ५३:५ मध्ये आमच्या शांतीसाठी त्याला शिक्षा झाली असं आहे, आणि ६व्या वचनात परमेश्वराने आम्हां सर्वांचं पाप त्याच्यावर लादलं. गलतीकरांस ३:१३ मध्ये तो आमच्यासाठी शाप झाला. अनुवाद २१:२३ चा संदर्भ देऊनच पौल ते म्हणतो. शिक्षेची भाषा शास्त्रातच आहे, सोळाव्या शतकातल्या कॅल्विन या सुधारकाने ती शोधून काढलेली नाही.

आणि देवाचा क्रोध म्हणजे चिडचिड नव्हे. आमोस वाचा, जोड्याच्या मोबदल्यात गरीब विकला जातो तेव्हा देव गप्प राहत नाही. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला 'देव रागावतच नाही' हे ऐकवून बघा. त्याला तो शुभसंदेश वाटणार नाही.

रोमकरांस ३:२५-२६ हे या सगळ्याचं मूळ आहे. तिथे पौलासमोरचा प्रश्न आपल्या प्रश्नाच्या उलट आहे. आपण विचारतो, देवाने सरळ क्षमा का केली नाही. पौल विचारतो, देवाने इतकी वर्षं मागची पापं सोडून दिली, तो न्यायी आहे हे मग कशावरून? वधस्तंभ हे त्याचं उत्तर: तो स्वतः न्यायी राहतो आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमानही ठरवतो.

वकीलवाडी
तरी नीतिसूत्रे १७:१५ चं काय करणार? निर्दोषाला दोषी ठरवणं देवाला अमंगळ, मग तेच देवाने केलं?

अंजनेरी
तिसऱ्या माणसाला धरून आणलं असतं तर अमंगळच ठरलं असतं. इथे दोन गोष्टी आहेत. पहिली, सोसणारा देव स्वतः आहे: 'देव ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करत होता' (२ करिंथ ५:१९), आणि योहान १०:१८ प्रमाणे त्याचा प्राण कोणी हिरावून घेत नाही, तो आपण होऊन देतो. दुसरी, ख्रिस्त आपल्यापासून वेगळा नाही. 'एक सर्वांसाठी मेला, म्हणून सर्व मेले' (२ करिंथ ५:१४). रोमकरांस ६:३-५ मध्ये बाप्तिस्मा म्हणजे त्याच्या मरणात मिळून जाणं. मस्तक आणि अवयव यांच्यात जे घडतं ते दोन परक्या माणसांमधलं नसतं. स्वतः कॅल्विन लिहितो की ख्रिस्त आपल्या बाहेर आहे तोवर त्याने जे सोसलं त्याचा आपल्याला काडीचाही उपयोग नाही. शिक्षेचा सिद्धांत (आपली शिक्षा ख्रिस्ताने भोगली, हा) शिकवणारे बरेचजण नेमकं हे वाक्य गाळतात, आणि मग कोर्टातली अदलाबदल तेवढी उरते.

रोमकरांस ८:३ ची शब्दयोजनाही बघा. देवाने देहात पापाला दंडाज्ञा ठरवली. दंडाज्ञा पापाला आहे. पुत्राला दोषी ठरवलं असं पौल तिथे म्हणत नाही.

त्र्यंबक_नाका
कॅथलिक बाजूने थोडं. तुमच्या वर्गात आमच्याही घरातली माणसं बसणार आहेत, म्हणून नीट सांगतो.

मध्ययुगातला धर्मपंडित अँसेल्म याला शिक्षेच्या सिद्धांताचा बाप ठरवतात, ते चूक आहे. १०९८ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात तो म्हणतो की पापानंतर दोनच वाटा, एकतर भरपाई किंवा शिक्षा. ख्रिस्ताने भरपाई केली, म्हणून शिक्षा टळली. ख्रिस्ताला आपली शिक्षा झाली असं अँसेल्म म्हणतच नाही. माणसाने देवाचा मान हिरावला, तो परत द्यायला हवा माणसानेच, पण देता येतो फक्त देवाला, म्हणून देव-मनुष्य. थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात आणखी एक पाऊल पुढे जातो: देवाने ठरवलं असतं तर भरपाईवाचूनही क्षमा करता आली असती आणि त्यात अन्याय झाला नसता, कारण त्याच्यावर दुसरा न्यायाधीश नाही. हा मार्ग त्याने निवडला तो अधिक योग्य म्हणून. पहिल्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर कुणी दिलेलं नाही असं मला वाटतं.

'कॅथलिक लोक कर्मांनी तारण कमावतात' हे वाक्य वर्गात येणारच. ट्रेंटच्या धर्मसभेने १३ जानेवारी १५४७ च्या आदेशात लिहून ठेवलं आहे की नीतिमान ठरण्याच्या आधीचं काहीही, विश्वास असो की कर्म, त्या कृपेला पात्र करत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्ग इथे लूथरन आणि कॅथलिकांनी या विषयावर संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात आले. मतभेद संपलेले नाहीत, पण सोळाव्या शतकातले आरोप जसेच्या तसे आज करू नयेत.

जो फरक खरा आहे तो सांगा. आमच्याकडे पापाची क्षमा आणि पापाने झालेली नासधूस या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. पापनिवेदनात आधी विवेकपरीक्षण, मग मनापासून पश्चात्ताप, धर्मगुरूजवळ कबुली, पापमोचन आणि त्यानंतर दिलेलं प्रायश्चित्त. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद १४५९ म्हणतो की पापमोचनाने पाप जातं, पण पापाने घडवलेली सगळी मोडतोड दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत द्यावंच लागतं.

गोदाकाठ
हा परतफेडीचा मुद्दा आमच्या मंडळ्यांमधून जवळजवळ नाहीसा झाला आहे. दोषबलीची व्यवस्था बघा, लेवीय ६:१-७. फसवून घेतलेली वस्तू मूळ मालकाला परत, वर तिचा पाचवा भाग, आणि तेही अर्पणाच्याच दिवशी. म्हणजे दहा हजार लाटले असतील तर बारा हजार मालकाच्या हातात, आणि मेंढा वेदीवर. मेंढा आणला म्हणून दोन हजार सुटत नाहीत. जक्कय हा जकातदार तर चौपट देतो (लूक १९:८), मेंढराच्या चोरीला निर्गम २२:१ मध्ये जो दर आहे तो. आणि मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाकडे जायला सांगतो.

यात चूक झाली की ती फार महाग पडते. 'येशूने सगळं भरलं' हे वाक्य ज्याने मारहाण केली, पैसे खाल्ले, त्याच्या तोंडी जातं, आणि ज्याने सोसलं त्याला 'तू माफ कर, देवाने केलं ना' असं ऐकवलं जातं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला वधस्तंभाचं उदाहरण देऊन घरी परत पाठवणं हा वधस्तंभाचा गैरवापर आहे. येशूने सोसलं ते स्वखुशीने, आणि ते सोसणं पुन्हा कोणावर लादलं जाऊ नये म्हणून. क्षमा मनात सुरू होऊ शकते. संरक्षण, पोलीस तक्रार, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज, यातलं काहीही क्षमेच्या विरुद्ध नाही. तुमच्या चार बुधवारांतली किमान दहा मिनिटं यासाठी राखून ठेवा, आणि हे शेवटच्या मिनिटावर ढकलू नका.

लेवीय_सोळा
शंभर टक्के. यशया ५३:१० मध्ये सेवकाचा जीव दोषबली म्हटला आहे, पापबली नव्हे. परतफेडीचा अर्थ त्या वचनातच आहे.

जुने_शरणपूर
एक बाजू अजून कोणी मांडली नाही, सुटकेची. पहिल्या हजार वर्षांत वधस्तंभाबद्दल बोलताना मंडळी बहुधा विजयाची भाषा वापरत असे: कलस्सैकरांस २:१५, इब्री २:१४-१५. सैतान, पाप आणि मरण यांच्या ताब्यातून माणूस सोडवला गेला.

मग मार्क १०:४५ मधली खंडणी कोणाला दिली, हा प्रश्न निघतो. चौथ्या शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी म्हणाला सैतानाला, गळाला लावलेल्या आमिषासारखी. त्याचाच मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, हे ऐकूनही घेत नाही. लुटारूला मोबदला देणं लाजिरवाणं, आणि पित्याला म्हणावं तर आपण पित्याच्या ताब्यात अडकलेलो नव्हतोच. म्हणून या चित्राला 'कोणाला?' असं विचारलं की ते तुटतं. मिसरमधून सोडवताना देवाने फारोला काय दिलं? काहीच नाही. तरी निर्गम ६:६ त्याला उद्धारच म्हणतं.

नाशिककरांना यासाठी लांब जायला नको. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शरणपूर वसवलं, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे वाढली, शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या लिव्हिंग्स्टन या मिशनरी-प्रवाशाचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता. १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसलं तेव्हा इथली कितीतरी माणसं तिकडे गेली. ती मुलं बाजारात दाम मोजून घेतलेली नव्हती. आरमाराने गुलामांची गलबतं अडवून त्यांना बाहेर काढलं होतं. मालकाला मोबदला नाही, पण सोडवणाऱ्यांना जोखीम आणि खर्च भरपूर. नव्या करारातला सुटकेचा अर्थ याच्या फार जवळ आहे, आणि हे तुमच्या चर्चपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलेलं आहे.

पंचवटी_वाचक
मी ख्रिस्ती नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतो आहे. आमच्याकडे पटकन उभा राहणारा प्रश्न असा: ज्याचं कर्म त्यालाच भोगावं लागतं. मग दुसरा कोणी ते कसं घेणार?

जुने_शरणपूर
प्रश्नाबद्दल आभार. यहेज्केल १८ हेच सांगतो, म्हणून हा प्रश्न आम्हांला परका नाही. पण एकाने दुसऱ्यासाठी काही करणं तुमच्याकडेही आहे. रामकुंडावर मुलगा पित्यासाठी पिंडदान करतो, त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी तीन दिवस चालतो तो पितरांसाठी. नातं असेल तर एकाचं कृत्य दुसऱ्याला पोहोचतं, हे तिथेही धरलेलं आहे. आमचं म्हणणं असं की देवाने माणूस होऊन ते नातं जोडलं. फरक दिशेचा आहे. इथे मागे राहिलेला गेलेल्यासाठी करत नाही. देव आधी करतो, आणि तेही आम्ही त्याचे वैरी असताना (रोमकरांस ५:१०).

शरणपूर_रोड यांना सुचवेन की वर्गात हे उत्तर प्रश्न आला तरच द्या, शेजाऱ्याच्या विधींना नावं न ठेवता.

गोदाकाठ
आणि ज्यांनी शुभसंदेश ऐकलाच नाही त्यांचं काय, हे कोणीतरी विचारणारच.

त्र्यंबक_नाका
थोडक्यात उत्तर द्या आणि पुढे जा, नाहीतर पूर्ण बुधवार त्यातच जाईल. रोमकरांस २:१४-१६ वाचा. आमच्याकडे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेचा १९६४ चा मंडळीविषयीचा दस्तऐवज, परिच्छेद १६: स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्ताला न ओळखणारा, पण मनापासून देवाला शोधणारा आणि विवेकाप्रमाणे वागणारा तारण पावू शकतो. तेही ख्रिस्ताच्याच कृपेने, त्याला वगळून नव्हे.

अंजनेरी
आम्ही एवढं खात्रीने म्हणणार नाही, पण न्याय करणारा देव आहे आणि आपण नाही, इथे थांबायला हरकत नाही. अब्राहामाने उत्पत्ती १८:२५ मध्ये विचारलेला प्रश्न वाचून दाखवा.

शरणपूर_रोड
सर्वांचे मनापासून आभार. आता मांडणी अशी करतो.

पहिला बुधवार: लेवीय १६ क्रमाने, सोबत ५:११-१३ आणि १७:११. फळ्यावर दर्शनमंडपाचा आराखडा, दयासनाचं माप अडीच हात बाय दीड हात (निर्गम २५:१७), म्हणजे मुलांच्या डोळ्यांपुढे वस्तू येईल.
दुसरा: यशया ५२:१३ ते ५३:१२, मग रोमकरांस ३:२१-२६ आणि २ करिंथ ५:१४-२१. न्यायाधीशाचा दाखला पूर्ण काढला. जामिनाचा ठेवला, तो कुठे मोडतो ते सांगून.
तिसरा: निर्गम ६:६, कलस्सैकरांस २:१३-१५, शरणपूरचा इतिहास, आणि मत्तय १८ चे आकडे.
चौथा: लेवीय ६:१-७, जक्कय, मत्तय ५:२३-२४, रोमकरांस ६. यात अत्याचार आणि क्षमेची दहा मिनिटं सुरुवातीलाच. शेवटी आवाहन.

काही सुटलं का?

अंजनेरी
दुसऱ्या बुधवारी वेळ पुरणार नाही. यशयाचा तो उतारा पंधरा वचनांचा आहे, मोठ्याने वाचायला तीन मिनिटं, पण चर्चा अर्ध्या तासाची. २ करिंथ तिसऱ्या बुधवारी ढकला.

लेवीय_सोळा
शुभ शुक्रवारच्या सात उद्गारांच्या (येशूने वधस्तंभावरून काढलेल्या) उपासनेशी वर्ग जोडून घ्या. चौथ्या उद्गारावर ('माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास') बहुतेक उपदेशांत 'पित्याने पुत्राकडे पाठ फिरवली' असं येतं. शुभवर्तमानात ते वाक्य नाही. येशू स्तोत्र २२ चं पहिलं वचन म्हणतो, आणि त्याच स्तोत्राच्या २४व्या वचनात उलट लिहिलं आहे: त्याने आपलं मुख त्याच्यापासून लपवलं नाही, त्याने धावा केला तेव्हा ऐकलं. यातना खऱ्या आहेत, सोडून दिल्यासारखं वाटणंही खरं आहे, ते कमी करू नका. फक्त पिता आणि पुत्र यांच्यात फूट पाडू नका.

त्र्यंबक_नाका
आमच्याकडे स्तोत्र २२ झावळ्यांच्या रविवारी असतं. शुभ शुक्रवारी यशयाचा तोच उतारा, स्तोत्र ३१, इब्री ४:१४-१६ आणि ५:७-९, मग योहान १८-१९. दोन्ही घरची माणसं वर्गात असतील तर त्यांना ही वाचनं आधी छापून द्या. त्या दिवशी आपापल्या चर्चमध्ये ऐकताना ओळखीची वाटतील.

शरणपूर_रोड
छापतो. स्तोत्र २२ पूर्ण, एकतिसाही वचनं, एका पानावर बसेल.